ब्राझीलचा आषाढ

आषाढ लागला की आमच्या घरात कढई शेगडीवरून खाली उतरत नाही. 'आषाढ तळणे' हा वाक्प्रचार ज्या कुणा पुण्यात्म्याने रूढ केला, त्याला मी दरवर्षी मनोमन नमस्कार करतो. नुसतं 'तळणे' म्हटलं असतं तर डॉक्टरांनी हरकत घेतली असती. 'आषाढ तळणे' म्हटलं की ते धर्मात जमा होतं, आणि धर्मकृत्यात आडवं यायला डॉक्टरही कचरतात. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाल भोपळ्याचे घारगे असा आमचा ठरलेला क्रम. पुढे श्रावण आहे, उपासतापास आहेत, तेव्हा आधीच काय ते उरकून घ्यावं, अशी त्यामागची दूरदृष्टी.

गेल्या आषाढात मात्र या क्रमात ब्राझील घुसला. आमचा पुतण्या कंपनीच्या कामाने चार वर्षं साव पावलो शहरात काढून परत आला. येताना त्याने माझ्यासाठी कॉफी आणली, काकूसाठी पर्स आणली आणि तिथल्या घरमालकीणबाईंनी लिहून दिलेला एक कागद आणला.

"काका, ही तिकडची भजी," तो म्हणाला. "पाऊस लागला की घरोघरी करतात. बोलिन्यु जी शुवा."

'जी'वर त्याने असा काही जोर दिला की मला क्षणभर तमाशातला सोंगाड्याच आठवला. पण ब्राझीलचे लोक 'चा, ची, चे' या अर्थाच्या 'द'चा उच्चार 'जी' असाच करतात म्हणे. शुवा म्हणजे पाऊस. बोलिन्यु म्हणजे छोटा गोळा, छोटा केक. एकूण 'पावसाचे गोळे'. नावाबद्दल तिकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पाऊस पडला की करतात म्हणून हे नाव. दुसरा म्हणतो, चमच्यातून पीठ तेलात पडतं ते पावसाच्या टपोऱ्या थेंबासारखं दिसतं म्हणून. मी पहिल्या पक्षाचा. बाहेर पाऊस, पोरं घरात कोंडलेली आणि अंगणात जायची सोय नाही, अशा वेळी त्यांची तोंडं बंद ठेवायला काहीतरी गोड तळणं हा जगभरच्या आज्यांना सुचलेला उपाय आहे.

मी शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराच्या ताटात नवा पदार्थ पडला की तो आधी त्याची सनावळी विचारतो. त्यामुळे माझं जेवण नेहमी गार होतं, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. ते खरंच आहे, पण या बाबतीत माझी चूक नाही. कागदावरचं सामान वाचलं आणि मी उडालोच. दोन अंडी, दोन मोठे चमचे साखर, एक कप दूध, अडीच कप मैदा, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, तळायला तेल आणि वरून घोळवायला साखर व दालचिनीची पूड. यात ब्राझीलचं मूळचं असं काय आहे? काहीही नाही! ऊस तिथला नाही, गहू तिथला नाही, कोंबडी तिथली नाही, गाय तिथली नाही. दालचिनी तर आपल्या शेजारची, सिंहलद्वीपातली.

उलट आपली साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तो कंद मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला. मिरचीही अमेरिकेचीच. म्हणजे एकादशीला आपण पांडुरंगाचं नाव घेऊन शुद्ध दक्षिण अमेरिकी जेवण जेवतो. वर काजू आणि अननस आहेतच, आणि ही दोन्ही नावंसुद्धा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून आपल्याकडे आलेली. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अंडी वेगळ्या कढईत. आषाढ झाला म्हणून काय झालं!"

ही सगळी उसाभर केली पोर्तुगीजांनी. १५०० साली काब्राल नावाचा दर्यावर्दी लिस्बनहून निघाला तो आपल्या कालिकतला यायला. वाटेत फारच पश्चिमेला गेला आणि २२ एप्रिलला त्याला ब्राझीलचा किनारा दिसला. त्याच्या ताफ्यात पेरु वाझ द कामिन्य नावाचा कारकून होता. त्याने राजाला जे लांबलचक पत्र पाठवलं, ते आजही उपलब्ध आहे आणि फार वाचनीय आहे. दोन स्थानिक तरुणांना जहाजावर आणलं, त्यांच्यापुढे पाव, शिजवलेले मासे, मिठाई, मध, सुके अंजीर असं सगळं मांडलं. त्यांनी जवळजवळ कशालाच हात लावला नाही, आणि जे तोंडात घातलं ते लगेच थुंकून टाकलं, असं त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. ब्राझीलच्या भूमीत युरोपी गोडाधोडाचा शुभारंभ असा झाला! सरकारी कारकुनाने पाहुण्यांनी पदार्थ थुंकल्याची नोंद वरिष्ठांना कळवावी, हे मला फार आवडतं. नाहीतर आपल्याकडे 'पाहुण्यांनी अल्पोपाहाराचा आस्वाद घेतला' यापलीकडे अहवाल जात नाही. बिचारा कामिन्य त्याच वर्षअखेरी कालिकतच्या दंग्यात मारला गेला, असं मानतात.

आता साखर. ऊस ब्राझीलमध्ये रुजवण्याच्या कामात मार्तिं आफोन्सु द सोझा याचं नाव येतं. १५३२ मध्ये त्याने साव व्हिसेंती ही वसाहत वसवली आणि तिथे उसाचे मळे व चरक सुरू झाले. त्याची ज्यात भागीदारी होती अशा एका जुन्या साखरघाण्याचे अवशेष सांतुस बंदराजवळ अजून आहेत, साव पावलो विद्यापीठ त्यांची देखभाल करतं. हे वाचताना 'मार्तिं आफोन्सु' हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत राहिलं. रात्री अकरा वाजता उठून मी जुनं पुस्तक काढलं आणि अंथरुणातून हिला हाक मारली.

"अगं, हा आपला गोव्याचा गव्हर्नर!"

"कोण वारलं?" ही दचकून म्हणाली.

कुणी वारलं नव्हतं. ब्राझीलमध्ये ऊस लावून हा गृहस्थ १५३४ मध्ये हिंदुस्थानच्या समुद्रावर सेनापती म्हणून आला, आणि १५४२ ते १५४५ गोव्याला गव्हर्नर होता. फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला तो याच्याच ताफ्यातून. पण माझी खरी झोप उडाली ती पुढच्या माहितीने. १५३४ च्या सफरीत त्याच्याबरोबर गार्सिया द ओर्त नावाचा वैद्य होता. तो गोव्यात स्थिरावला, त्याने मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलं (मुंबईत त्या काळी जागा मिळत होती, एवढाच याचा अर्थ) आणि १५६३ मध्ये इथल्या औषधी वनस्पतींवर एक मोठा संवादग्रंथ गोव्यातच छापला. त्यात दालचिनीवर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे पाहा, त्या पावसाच्या गोळ्याच्या अंगावर जो दोन बोटांचा शिडकावा असतो, त्यातली साखर एका माणसाने ब्राझीलला नेली आणि दालचिनी त्याच्याच वैद्याने ग्रंथबद्ध केली. ओर्त मूळचा ज्यू कुळातला. १५६८ मध्ये तो वारला, आणि १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. दालचिनीच्या पुडीत इतकं काही मिसळलेलं असतं.

साखर शब्द मात्र आपला. संस्कृत शर्करा, तिचं अरबीत सुक्कर, पोर्तुगीजांच्या तोंडी असूकार. माहेर सोडून गेलेली मुलगी सासरी नाव बदलून नांदावी तसं.

ब्राझीलच्या साखर कारखानदाराला 'सेन्योर द इंजेन्यु' म्हणत, घाण्याचा धनी. आपल्याकडे याला साखरसम्राट हा अधिक नेमका शब्द आहे. १७११ मध्ये आंतोनिल नावाच्या जेसुइट पाद्र्याने या धंद्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो सहजपणे सांगतो की, गुलाम हे या धन्याचे हातपाय होत. हिशेब नीट जुळतो. आफ्रिकेतून साडेतीनशे वर्षांत सुमारे ४८ लाख माणसं गुलाम करून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. वाटेत समुद्रात मेली ती वेगळी. अमेरिका खंडात इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात गेली नाहीत, आणि गुलामी सर्वांत शेवटी उठवली तीही ब्राझीलनेच, १३ मे १८८८ रोजी. तोपर्यंत आपल्याकडे काँग्रेसची तीन अधिवेशनं होऊन गेली होती.

तेव्हा ब्राझीलच्या स्वयंपाकघरात कढईपुढे कोण उभं होतं, हे वेगळं सांगायला नको. पण मला या इतिहासात एक गोष्ट फार विलक्षण वाटली. शहरांतले मालक आपल्या गुलाम बायकांना डोक्यावर परात देऊन रस्त्यावर खाद्यपदार्थ विकायला पाठवत. दिवसाची ठरलेली रक्कम मालकाच्या हातात ठेवायची, त्यावर जे सुटेल ते तिचं. अशा विकणाऱ्या बायांना 'किटांदेरा' म्हणत. हा शब्दही आफ्रिकी, किटांडा म्हणजे बाजार. दे ब्रे नावाचा फ्रेंच चित्रकार १८१६ पासून पंधरा वर्षं ब्राझीलमध्ये होता, त्याच्या चित्रांत या बाया दिसतात. आणि यांतल्या कितीजणींनी ते वरचे पैसे वर्षानुवर्षं साठवले, मालकापुढे मोजले आणि स्वतःला विकत घेतलं. तळणीवर स्वातंत्र्य! आम्ही शाळेत स्वातंत्र्यलढे शिकवले ते तलवारीचे आणि तहांचे. झाऱ्याने लढलेल्या लढाईवर कधी पाच गुणांचा प्रश्न काढला नाही.

इतका अभ्यास झाल्यावर गोळे मीच करणार असं मी जाहीर केलं. हिने ओट्यावरचं दूध उचलून आत ठेवलं, यावरून तिचा विश्वास दिसून आला. अंडी आणि साखर फेटली, दूध घातलं, मैदा, मीठ, पावडर. पीठ भज्यापेक्षा घट्ट हवं, चमचा वाकडा केला की ओघळू नये, सावकाश घसरावं, असं कागदावर होतं. ते जमलं. दुर्दैव तेलात होतं. कडकडीत तापलेल्या तेलात मी डावभर पीठ सोडलं. दोन मिनिटांत लिंबाच्या लोणच्याच्या रंगाचे मोठमोठे गोळे वर आले. पुतण्याने एक फोडला. आतून मैद्याची खळ बाहेर आली.

"असेच असतात का रे?" हिने निरागसपणे विचारलं.

"बाहेरून जवळजवळ असेच," तो म्हणाला. चार वर्षांत पोरगा मुत्सद्देगिरी शिकून आला होता.

एवढ्यात आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आल्या. छत्री दाराशी टेकवून त्यांनी कढईकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता शेगडी बारीक केली. "दादा, हे गुलगुल्याचं पीठ आहे. ह्याला एवढी आग नाही सोसत." मग छोटा चमचा घेऊन, दुसऱ्या चमच्याने पीठ ढकलत, सुपारीपेक्षा थोडे मोठे थेंब तेलात सोडले. ते बुडाले, वर आले, फुगले आणि एका बाजूने तांबूस झाले की आपले आपण कुशीवर वळायला लागले. मी मार्तिं आफोन्सुपर्यंत जाऊन आलो होतो. मावशी कुठेच गेल्या नव्हत्या.

गरम असतानाच साखर-दालचिनीत घोळवले. पुतण्याने डोळे मिटून एक खाल्ला आणि बराच वेळ काही बोलला नाही. बाहेर धो धो पाऊस होता. साव पावलो हे शहर तिकडे रिमझिमीचं शहर म्हणूनच ओळखलं जातं. मी त्याला विचारलं नाही, पण त्याला ती घरमालकीणबाई आठवली असणार.

या पदार्थाचं वय किती, हे ठरवायला बेकिंग पावडर उपयोगी पडते. ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची, तेव्हा आजचा हा झटपट गोळा त्याहून जुना असू शकत नाही. पण त्याचं घराणं जुनं आहे. पोर्तुगालमध्ये पीठ आंबवून तळलेले 'फिल्योश' पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत त्याच नावाचे, पिकलं केळं घातलेले गोड पोळे होतात, आणि 'बोलिन्यु'ची सख्खी बहीण 'बोलिन्य' म्हणजे गोव्याची रवा-खोबऱ्याची बिस्किटं. पोर्तुगीजांकडे चाळीस दिवसांचा लेंटचा उपवास लागण्यापूर्वी घरातली अंडी, लोणी, चरबी संपवायची म्हणून तळणाची धमाल असते. म्हणजे त्यांचाही आषाढच, फक्त तो फेब्रुवारीत येतो.

ब्राझीलमध्ये या गोळ्यांचं नाव काढलं की लोकांना एक आजी आणि एक स्वयंपाकीण आठवते, आणि दोघीही पुस्तकातल्या. मोंतेरु लोबातु (१८८२–१९४८) या लेखकाने मुलांसाठी 'पिवळ्या सुतारपक्ष्याच्या मळ्या'च्या गोष्टी लिहिल्या. मळ्याची मालकीण दोना बेंता ही गोरी आजी, नातवंडांना गोष्टी सांगणारी. स्वयंपाकघरात तीया नास्तासिया ही काळी स्वयंपाकीण. एका पुस्तकात (१९३९) तिला ग्रीक पुराणातला नरभक्षक मिनोटॉर पळवून नेतो, पण तिच्या हातचे गोळे खाऊन तो असा सुस्त आणि लठ्ठ होतो की माणसं खायचं विसरतो. १९७७ ते १९८६ या काळात या गोष्टींची दूरदर्शन मालिका गाजली आणि नास्तासियाचे गोळे घरोघर पोचले. लोबातुने तिच्या काळेपणावर जे शब्द वापरले, त्यांवरून मात्र तिकडे आजही वाद होतात. २०१० मध्ये त्याचं एक पुस्तक शाळेत लावावं की नाही, हे प्रकरण राष्ट्रीय शिक्षण परिषदेपर्यंत गेलं होतं.

आणि आता गंमत ऐका. १९४० मध्ये, लोबातुने ज्या प्रकाशनसंस्थेची स्थापना करण्यात भाग घेतला होता तिनेच एक पाकपुस्तक काढलं. आपल्याकडे 'रुचिरा' तशी तिकडे त्या पुस्तकाची घरोघर प्रतिष्ठा. त्याचं नाव काय ठेवलं? 'दोना बेंता'! कढईपुढे आयुष्यभर उभी राहिली नास्तासिया, आणि मुखपृष्ठावर नाव झळकलं झोपाळ्याच्या खुर्चीत बसून गोष्टी सांगणाऱ्या आजीचं.

मी हे तावातावाने सांगत होतो. मावशी दुसरा घाणा काढत होत्या. ही शांतपणे आत गेली आणि माझ्या आईची पाककृतींची वही घेऊन आली. कागद ब्राझीलचा असला तरी उतरवून ठेवायचा तो तिथेच, अशी घरची रीत आहे. वही मी किती वर्षांनी उघडली. आईने प्रत्येक कृतीपुढे प्रामाणिकपणे नाव घातलेलं असे. चिरोटे, सांगलीच्या मावशींचे. अनारसे, नागपूरच्या काकूंचे. दुधी हलवा, शेजारच्या वहिनींचा. पण दिवाळीत आमच्या वाड्यात तळणाला एक बाई येत. लाल लुगडं, डोक्यावरून पदर, चुलीपुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कडबोळी, शेव, शंकरपाळे यांचे डबेच्या डबे त्या भरत, आणि मोडकं कडबोळं मला कडेला बोलावून देत. कडबोळ्यांची कृती वहीत आहे. भाजणीचं प्रमाण त्यांचंच, हे मला पक्कं माहीत आहे, कारण आईने विचारताना आणि त्यांनी मुठीने मोजून दाखवताना मी तिथेच बसलो होतो. कृतीपुढची जागा मात्र कोरी होती.

मी ताईला फोन केला. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, तिला सगळं आठवतं. तिला त्यांच्या लुगड्याचं ठिगळ आठवलं, त्यांना आई पाच रुपये आणि खण द्यायची ते आठवलं. नाव?

"अरे, स्वैपाकाच्या काकूच म्हणायचो ना आपण," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आईलाही माहीत असेल की नाही, देव जाणे."

मी वहीचं नवं पान काढलं. वर लिहिलं, 'पावसाचे गोळे'. मग मावशींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. पंधरा वर्षं त्या आमच्याकडे येतात.

"कशाला?" त्यांनी झारा हातातच धरून संशयाने विचारलं. "रेशन कार्डाचं काही आहे का?"

तसं काही नाही, वहीत लिहायचंय, असं सांगितलं. त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हिने मान हलवली. मग त्यांनी नाव सांगितलं. आधी सासरचं, थोडं थांबून माहेरचं, मग वडिलांचं आणि गावाचंसुद्धा. ते वहीत आहे. छापायचं नाही, अशी त्यांची अट असल्यामुळे इथे देत नाही.

लिहून झाल्यावर मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पदराला हात पुसत ऐकून घेतलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि खाली लिहा, दालचिनी निम्मी घालावी. त्या परदेशच्या बाईला हात आवरत नाही दिसतंय. आता बाजूला व्हा दादा, तेल उडेल."